तबीथाची नोंद

न्यू शाहूपुरीतल्या आमच्या चर्चचं दप्तर
मी सांभाळते. अठरा वर्षं झाली.
तीन किल्ल्या, एक लोखंडी कपाट, डांबरगोळ्या,
आणि शबा.

शबा काळी. म्हणजे सावलीत काळी;
उन्हात बसली की पाठीवर
काकवीचा रंग उतरायचा.
हार्मोनियमच्या रिकाम्या खोक्यात निजायची
आणि प्रवचन लांबलं की जांभई द्यायची,
आम्हा सगळ्यांच्या वतीने.

एल्डर आश्वासन समुद्रे शिबिराहून आले
ते एक पत्रक घेऊन.
मीटिंगमध्ये उभं राहून वाचलं:
आठशे वर्षांपूर्वी एका पोपने पत्र लिहिलं,
की पाखंड्यांच्या सभेत काळं मांजर उतरतं
आणि ते त्याला नमतात.
पुढे बायका जाळल्या. मांजरंही जाळली.
बेल्जियममधल्या एका गावात तर
घंटाघरावरून खाली फेकायचे.
हे शेवटचं त्यांनी जरा हळू वाचलं.

"पोपचं आपण कवापास्नं ऐकायला लागलो?"
मोजेसने दारातून विचारलं.
मोजेस घंटा वाजवतो,
त्याला मीटिंगमध्ये मत नाही.

मग निर्गम, अध्याय बावीस, वचन अठरा.
चेटकिणीला...
हे वचन कधी पूर्ण वाचावं लागत नाही.
सगळ्यांनी खोक्याकडे बघितलं,
नंतर, का कोण जाणे, माझ्याकडे.
एकटी बाई, काळं मांजर, कमरेला किल्ल्या.

त्या रात्री मी बायबल चाळत बसले.
कुत्री आहेत, उंट आहेत, टोळ, चिमण्या,
एक गाढवी तर चक्क बोलते.
आमच्या बायबलात मांजर कुठेच नाही.
शाप नाही, आशीर्वाद नाही.
देव एखाद्या गोष्टीवर इतका गप्प राहिला
तर आपणही राहावं की नाही थोडं?

साखरेच्या पोत्यात घालून, स्कूटरवरून,
पंचगंगेपलीकडे, शियेच्या उसात.
पोतं परत आणलं. पोतं कामाचं होतं.

नाताळचा तारा काढायला कपाट उघडलं
तर खालच्या कप्प्यात
कागदाचा भुसा, आणि भुशात पाच गुलाबी पिल्लं,
डोळे न उघडलेली.
बाप्तिस्म्याचं रजिस्टर, एकोणीसशे बारा.
चौऱ्याऐंशी पानावर माझं घराणं सुरू होतं:
नाव तबीथा. पूर्वीचं नाव सगुणा.
गाव भुदरगडाकडचं. वय अंदाजे वीस.
शिवणकाम शिकते.
शेरा: चेटकीण म्हणून गावाने मारून हाकलली,
डोक्याला खोक, दवाखान्यात आणली.

उंदरांनी नाव खाल्लं. आधीचंही.
गाव, वय, शिवण, खोक, दवाखाना.
कडेच्या रकान्यात राहिले दोन शब्द:
चेटकीण म्हणून

समुद्रे आले. चष्मा काढून पुसला.
"तुला पाठ आहे ना? लिहून काढ परत."
"काढते. सही कुणाची घेऊ?"
ते बराच वेळ तारेच्या गुंत्यातले दिवे
सोडवत बसले.
दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपुरीतून
चार पिंजरे आले. पावती जोडलेली.

मी गंगावेशीच्या कट्ट्यावरून येताना
पावशेर दूध आणते,
म्हशीच्या अंगाची ऊब असलेलं,
आणि मागच्या पायरीवर बशी ठेवून जाते.
उसातून चर्चपर्यंत किती मैल,
मधे पूल, मधे कुत्री,
मला हिशेब येतो, मी करत नाही.

परवा पहाटे बशीशेजारी
एक वाटी दिसली. स्टीलची, लग्नातली असावी,
काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं:
आ. शां. समुद्रे.
दोन्हींतलं दूध तसंच होतं,
साय धरलेलं, सायीत एक मुंगी.

मी दोन्ही धुतल्या.
कोरलेल्या अक्षरांत अडकलेली साय
नखाने काढली.
आणि परत पायरीवर ठेवल्या,
जरा जवळ जवळ.